पाळीव प्राण्यांच्या दातांवरील उपचारांत हाडाचे रोपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाडाचे रोपण म्हणजे नेमके काय?

दाताचे मूळ जबड्याच्या ज्या हाडात रुतलेले असते ते हाड आजारामुळे, गाठीमुळे किंवा जबडा मोडल्यामुळे नाहीसे झाले, तर त्या पोकळीत हाड किंवा हाडाला पूरक असे साहित्य भरून तेथे नवे हाड तयार होण्यास मदत केली जाते. या उपचाराला हाडाचे रोपण म्हणतात. दवाखान्यात ‘बोन ग्राफ्ट’ हाच शब्द अधिक ऐकू येतो. भरलेले साहित्य तसेच राहून त्याचेच हाड बनते, असा अनेक पालकांचा समज असतो, पण तो बरोबर नाही. बांधकामाला परांची लागते तसे हे साहित्य नव्या हाडाला आधार देते. त्याच्या कणांमधील जागेत रक्तवाहिन्या शिरतात, पाठोपाठ हाड तयार करणाऱ्या पेशी येतात, आणि बहुतेक प्रकारांत मूळ साहित्य हळूहळू विरघळून त्याची जागा प्राण्याचे स्वतःचे हाड घेते. म्हणून हाड तयार करण्याचे काम अखेर प्राण्याच्या शरीरालाच करावे लागते, आणि जेथे शरीराला ते करता येणार नाही तेथे महागातले महाग साहित्यही वाया जाते.

जबड्याचे हाड मुळात झिजते कशाने?

कुत्र्यामांजरांत याचे सर्वांत मोठे कारण हिरड्यांचा आजार, म्हणजे बोलीभाषेतला पायोरिया, हे आहे. स्वच्छ केलेल्या दातावरही काही तासांत जंतूंचा चिकट थर पुन्हा जमू लागतो. तो पुसला गेला नाही तर लाळेतील क्षार त्यात बसतात आणि दोन-तीन दिवसांत तो कडक होऊ लागतो. हाच पिवळसर तपकिरी टार्टर. डोळ्यांना टार्टर दिसतो, पण खरे नुकसान हिरडीच्या कडेखाली दडलेल्या जंतूंच्या थरामुळे होते. त्या जंतूंशी लढताना शरीर जी सूज निर्माण करते, तीच सूज दाताला हाडाशी बांधणारे तंतू आणि नंतर खुद्द हाड खाऊन टाकते.

दात जागेवर धरून ठेवणाऱ्या चार गोष्टी आहेत: हिरडी, मुळावरील पातळ कठीण आवरण, मूळ आणि हाड यांना जोडणारे तंतू, आणि खोबणीचे हाड. फक्त हिरडी सुजलेली असेल तोवर आजार पूर्ण बरा होऊ शकतो. तंतू तुटून हाड झिजू लागले की गेलेला भाग आपोआप परत येत नाही. पशुदंतवैद्यकात आजाराचे चार टप्पे मानतात. पहिल्यात केवळ हिरडीला सूज असते, दुसऱ्यात दाताचा आधार २५ टक्क्यांपर्यंत गेलेला असतो, तिसऱ्यात २५ ते ५० टक्के, आणि चौथ्यात ५० टक्क्यांहून अधिक. रोपणाचा विचार बहुधा तिसऱ्या टप्प्यात येतो आणि क्वचित, निवडक दातांसाठी, चौथ्या टप्प्याच्या सुरुवातीला.

हाड किती झिजले याइतकेच ते कसे झिजले हेही महत्त्वाचे आहे. ओळीने अनेक दातांभोवती हाडाची पातळी सारखीच खाली गेली असेल, तर ती आडवी झीज होय. तेथे साहित्य धरून ठेवायला कडाच उरत नाहीत, त्यामुळे रोपणाचा उपयोग जवळजवळ नसतो. याउलट एकाच मुळालगत हाड उभे, खोल खणल्यासारखे गेले असेल आणि बाजूच्या भिंती शाबूत असतील, तर त्या पोकळीत साहित्य टिकते आणि भिंतींमधून पेशी व रक्तपुरवठा मिळतो. तीन बाजूंनी हाड आणि चौथ्या बाजूला दाताचे मूळ, अशी पोकळी रोपणासाठी सर्वांत अनुकूल समजली जाते. दोन भिंती असतील तर निकाल अनिश्चित असतो आणि एकच उरली असेल तर आशा फारशी धरू नये. ‘आमच्या कुत्र्याला रोपण करता येईल का’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा या भिंतींच्या संख्येत असते. म्हणून डॉक्टरांना सर्वांत आधी तीच विचारावी.

कोणत्या कुत्र्यांत ही गरज अधिक भासते?

लहान जातींच्या कुत्र्यांत. मोठ्या कुत्र्याप्रमाणेच त्यांनाही ४२ दात असतात, पण जबडा मात्र चिमुकला असतो. दात दाटीवाटीने उगवतात, मधल्या फटींत अन्न आणि जंतू साचतात, आणि मुळांभोवतीचे हाड आधीच पातळ असते. आपल्याकडे घरोघरी दिसणारे पॉमेरेनियन आणि स्पिट्झ, तसेच शिह त्झू, डॅक्सहुंड, पग यांच्या पालकांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. पॉमेरेनियनसारख्या जातींत दुधाचे सुळे पडतच नाहीत आणि पक्के सुळे त्यांच्या शेजारी उगवतात, असे वारंवार दिसते. दोन सुळ्यांमधल्या फटीत वयाच्या पहिल्याच वर्षात आजार सुरू होऊ शकतो. पक्का दात दिसू लागला आणि दुधाचा अजून तेथेच असेल तर तो काढून घेणे हा पुढच्या रोपणापेक्षा कितीतरी सोपा आणि स्वस्त उपाय आहे.

पोळी-दूध, भात, बिस्किटे असा मऊ आहार घेणाऱ्या आणि कधीच दात न घासलेल्या कुत्र्यांत हा आजार लवकर बळावतो. त्यावर उपाय म्हणून कडक हाडे चघळायला देणे मात्र चुकीचे आहे. त्याने वरच्या मोठ्या दाढेचा तुकडा उडतो आणि दाताची नस उघडी पडते.

रोपण कोणत्या जागी केले जाते?

सर्वांत ठळक जागा म्हणजे वरच्या सुळ्याची आतली, टाळूकडची बाजू. सुळ्याचे मूळ लांब आणि वक्र असते आणि ते नाकाच्या पोकळीपासून जेमतेम एक-दोन मिलिमीटर हाडाने वेगळे झालेले असते. टाळूकडून आजार खोल गेला की हे पातळ हाड नाहीसे होऊन तोंड आणि नाक यांच्यात भोक पडते. डॅक्सहुंडमध्ये हे विशेष दिसते. बाहेरून दात चांगला दिसतो, पण कुत्रा सारखा शिंकतो आणि एका नाकपुडीतून पू किंवा रक्त येते. कित्येक महिने ‘सर्दी’ म्हणून औषधे दिली जातात आणि कोणी सुळ्याच्या आतल्या बाजूला, हिरडीखाली, खोली मोजण्याची बारीक सळई घालून पाहत नाही. भोक पडण्याआधी पोकळी सापडली तर रोपणाने सुळा आणि टाळू दोन्ही वाचू शकतात. भोक पडल्यानंतर मात्र दात काढून हिरडीची झडप ओढून ते बंद करणे हाच मार्ग राहतो.

दुसरी जागा खालच्या जबड्याची पहिली दाढ. लहान कुत्र्यांत या दाढेची मुळे जबड्याच्या खालच्या कडेपर्यंत पोहोचलेली असतात, म्हणजे मुळाभोवतीचे हाड गेले की तेथे जबड्यात काही उरतच नाही. सोफ्यावरून उडी मारली, दुसऱ्या कुत्र्याशी झटापट झाली, इतकेच काय दात काढताना थोडा जोर लागला, तरी जबडा मोडू शकतो. अशा वेळी एका मुळालगत खोल पोकळी आणि दुसरे मूळ भक्कम असेल तर दाढ वाचवण्यासाठी रोपण करतात. दाढ काढावीच लागली, तर उरलेल्या खोबणीत साहित्य भरून जबड्याला बळकटी देण्याचा प्रयत्न करतात. खालच्या सुळ्याबाबतही हाच विचार लागू होतो, कारण लहान कुत्र्याच्या जबड्याच्या पुढच्या टोकाचा मोठा भाग या सुळ्याच्या मुळानेच व्यापलेला असतो.

याशिवाय जबड्यातील पाण्याची गाठ काढल्यावर उरणारी मोठी पोकळी आणि मोडलेला पण न जुळलेला जबडा या दोन ठिकाणीही रोपण उपयोगी पडते. अशी गाठ बहुधा हिरडीखाली अडकून राहिलेल्या खालच्या पहिल्या लहान दाढेभोवती होते आणि बॉक्सर, पग यांसारख्या आखूड तोंडाच्या जातींत अधिक आढळते. पिल्लू सात महिन्यांचे झाले तरी तेथे दात दिसत नसेल तर ‘नसेलच’ असे धरून चालू नये. एक एक्स-रे पुढची मोठी शस्त्रक्रिया टाळू शकतो. गाठीचे अस्तर पूर्णपणे काढून प्रयोगशाळेत तपासायला पाठवले पाहिजे, आणि ती कर्करोगाची असण्याची शंका असेल तर अहवाल हाती येईपर्यंत तेथे रोपण करू नये.

दात हलत असेल तर रोपणाने तो घट्ट होईल का?

बहुतेक वेळा नाही. एक मिलिमीटरपेक्षा जास्त हलणारा, किंवा वर-खाली दाबला जाणारा दात काढणेच योग्य असते. अनेक मुळांच्या दाढेत मुळांमधली जागा आरपार उघडी झाली असेल, तरीही रोपणाचा निकाल निराशाजनक असतो. दात काढावा लागणे म्हणजे उपचार फसणे नव्हे. कुत्रा आणि मांजर दातांशिवायही व्यवस्थित जेवतात. दुखणारा, पू असलेला दात तोंडात असताना मात्र ते गुपचूप सोसत राहतात. दुखरे दात काढल्यानंतर आठवड्याभरात प्राणी पुन्हा खेळू लागला, असे सांगणारे पालक मला वारंवार भेटतात. दात वाचवण्याचा आग्रह आपल्या समाधानासाठी आहे की प्राण्याच्या, हे प्रत्येकाने मोकळेपणाने तपासावे.

दात काढल्यावर प्रत्येक खोबणीत साहित्य भरणे आवश्यक असते का?

नाही. निरोगी खोबणीत जमणारी रक्ताची गुठळी स्वतःच हाड तयार करण्याची उत्तम सुरुवात असते. खोबण स्वच्छ करून, हाडाच्या टोकदार कडा घासून आणि हिरडी ताण न देता शिवून घेतली, तर बहुतेक खोबणी आपोआप भरतात. जबडा मोडण्याचा खरा धोका असलेल्या जागा सोडल्या, तर सरसकट रोपणाचा आग्रह धरला जात असल्यास त्याचे कारण विचारण्याचा पालकांना अधिकार आहे.

रोपणासाठी कोणकोणते साहित्य वापरतात?

हाडाच्या साहित्यात तीन गुण पाहिले जातात. जिवंत पेशी असल्यामुळे स्वतः हाड तयार करण्याची क्षमता हा पहिला. आसपासच्या पेशींना ‘हाड तयार करा’ असा रासायनिक संदेश देण्याची क्षमता हा दुसरा, आणि नुसता आधार पुरवण्याची क्षमता हा तिसरा.

प्राण्याचे स्वतःचे हाड तिन्ही गुणांत सर्वश्रेष्ठ आहे. ते त्याच तोंडातून, शस्त्रक्रियेच्या शेजारच्या हाडातून खरवडून घेता येते. अधिक लागले तर खांद्याजवळच्या किंवा कमरेच्या हाडातील मऊ, जाळीदार भाग घेतात. अडचण एवढीच की त्यासाठी दुसरी जखम करावी लागते आणि छोट्या कुत्र्यात ते फारसे मिळत नाही.

दुसऱ्या कुत्र्याचे, प्रक्रिया करून वाळवलेले हाड हा पुढचा पर्याय. त्यातील क्षार काढून टाकले की मागे उरणाऱ्या प्रथिनांत संदेश देण्याचा गुण टिकून असतो. क्षार काढलेले हाड स्नायूत ठेवले तरी तेथे नवे हाड तयार होते, हे अमेरिकेतील अस्थिशल्यचिकित्सक मार्शल युरिस्ट यांनी १९६५ साली दाखवले, आणि या क्षेत्राची दिशाच त्यामुळे बदलली. असे साहित्य परदेशातील पशू-ऊतक पेढ्यांकडून मिळते. आपल्याकडे मात्र ते सहज उपलब्ध असेल असे गृहीत धरू नये.

तिसरा पर्याय दुसऱ्या जातीच्या प्राण्याचे हाड. त्यातील सेंद्रिय भाग काढून फक्त खनिज सांगाडा उरवलेला असतो, म्हणून तो केवळ आधार देतो. चौथा पर्याय कृत्रिम साहित्य: हायड्रॉक्सिअपेटाइट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट आणि जैवसक्रिय काच. हायड्रॉक्सिअपेटाइट फार सावकाश विरघळते, तर ट्रायकॅल्शियम फॉस्फेट तुलनेने लवकर. जैवसक्रिय काच फ्लोरिडा विद्यापीठात लॅरी हेंच यांनी १९६९ साली शोधली. ती शरीरातील द्रवाच्या संपर्कात आली की तिच्या पृष्ठभागावर हाडातील खनिजासारखा थर तयार होतो आणि खरे हाड त्याला थेट चिकटते. रक्तात कालवल्यावर तिचे कण एकत्र धरून राहतात, त्यामुळे खोल पोकळीत भरणे सोपे जाते. पशुदंतवैद्यकात ती बरीच वापरली जाते.

हाड वाढवणारी प्रथिने प्रयोगशाळेत तयार करून स्पंजासारख्या आधारावर वापरण्याची पद्धतही आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी तिच्या साहाय्याने कुत्र्यांच्या जबड्यातील मोठे गेलेले भाग पुन्हा उभे केले आहेत. पण ते मोठ्या शस्त्रक्रियांचे क्षेत्र आहे, आणि पायोरियाच्या रोजच्या उपचारांत त्याचे स्थान नाही.

हे साहित्य गायीचे किंवा डुकराचे असते का? आम्हाला ते नको असेल तर?

दुसऱ्या जातीच्या प्राण्यापासून केलेले साहित्य बहुधा गोवंशीय हाडापासून तयार होते, आणि साहित्यावर हिरडीखाली घालण्याचे कोलॅजेन या प्रथिनाचे पडदे गोवंशीय किंवा डुकराच्या ऊतीपासून केलेले असतात. आपल्या घरांत हा प्रश्न मनात येतो, पण डॉक्टरांसमोर विचारायला संकोच वाटतो. तो संकोच ठेवू नये. शस्त्रक्रियेच्या आधीच साहित्याचा स्रोत विचारावा आणि आपली अडचण सांगावी. कृत्रिम साहित्य आणि प्राण्याचे स्वतःचे हाड हे दोन्ही चांगले पर्याय उपलब्ध आहेत, त्यामुळे श्रद्धेपायी उपचाराचा दर्जा कमी करावा लागत नाही.

साहित्यावर पडदा घालतात तो कशासाठी?

शस्त्रक्रियेनंतर पोकळीत शिरण्यासाठी अनेक प्रकारच्या पेशींची शर्यत लागते आणि तीत हिरडीच्या वरच्या आवरणाच्या पेशी सर्वांत वेगवान असतात. त्या आधी पोहोचल्या की मुळालगत पातळ अस्तर तयार होते. पोकळी वरून भरल्यासारखी दिसते, पण हाड आणि तंतू परत येत नाहीत. पडदा या वेगवान पेशींना रोखून हाडाच्या आणि तंतूंच्या मंद पेशींना वेळ मिळवून देतो. माणसांमध्ये या तत्त्वावरील उपचार १९८२ साली स्वीडनमधील स्टुरे नीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. त्यानंतरच्या संशोधनाचा मोठा भाग बीगल जातीच्या कुत्र्यांवर झाला, याची कृतज्ञ आठवण ठेवणे उचित आहे. आज आपल्या कुत्र्यांना मिळणारा उपचार त्या प्राण्यांच्या ऋणातून आलेला आहे. हल्ली बहुतांशी विरघळणारे पडदे वापरतात, म्हणजे ते काढण्यासाठी पुन्हा भूल द्यावी लागत नाही.

दातांचा एक्स-रे खरोखर आवश्यक आहे का?

होय, आणि यात तडजोड नसावी. दाताचा अर्ध्याहून अधिक भाग हिरडीखाली असतो. १९९८ साली कॅलिफोर्नियातून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, तोंड तपासून काहीच वावगे न दिसलेल्या प्राण्यांपैकी सुमारे २८ टक्के कुत्र्यांत आणि सुमारे ४२ टक्के मांजरांत एक्स-रेने उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचा दोष दाखवला होता. तोंडाच्या आत छोटी फिल्म किंवा सेन्सर ठेवून घेतलेलाच एक्स-रे उपयोगाचा असतो. पूर्ण डोक्याच्या बाहेरून काढलेल्या चित्रात दोन्ही बाजूंचे दात एकमेकांवर येतात. रोपणाआधीचा एक्स-रे नसेल तर पुढे हाड वाढले की नाही याची तुलना कशाशी करणार? ज्या दवाखान्यात ही सोय नाही तेथे चांगली सफाई करून घेता येईल, पण रोपण करून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमचा कुत्रा अकरा वर्षांचा आहे. त्याला भूल देणे धोक्याचे नाही का?

वय हा स्वतः आजार नाही. पण वयासोबत येणारे हृदयाचे, मूत्रपिंडाचे आणि यकृताचे आजार आधी शोधणे आवश्यक आहे. रक्ततपासणी, हृदयाची तपासणी आणि लहान जातीच्या वयस्क कुत्र्यात छातीत मर्मर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांबरोबर येणारा जादा आवाज, ऐकू येत असेल तर हृदयाची सोनोग्राफी, एवढे झाल्यावर डॉक्टर भुलेचा बेत प्राण्यानुसार आखतात.

आपल्या भागात आणखी एक तपासणी विसरता कामा नये. गोचिडांमार्फत पसरणारा एर्लिकिया हा जंतू, म्हणजेच गोचीड तापाचे कारण, महाराष्ट्रातील कुत्र्यांत सर्रास आढळतो, आणि तो रक्त गोठवण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट कमी करतो. वरवर ठणठणीत दिसणाऱ्या कुत्र्यातही तो दीर्घकाळ दबून राहू शकतो. हिरडी उलगडून करायच्या शस्त्रक्रियेत अशा कुत्र्याचा रक्तस्राव थांबवणे कठीण जाते. प्लेटलेट कमी आढळल्या तर आधी गोचीड तापावर उपचार आणि मग दात, हाच क्रम ठेवावा. काही आठवडे थांबल्याने हाडाचे फारसे बिघडत नाही.

भूल न देता दात स्वच्छ करून मिळतात, असे ऐकले आहे. ते चालेल का?

त्यात फक्त दिसणारा टार्टर खरवडला जातो. हिरडीखालचा आजार तसाच राहतो, आणि दात पांढरे दिसल्यामुळे पालक निर्धास्त होतात. रोपण तर या पद्धतीने शक्यच नाही.

शस्त्रक्रियेच्या दिवशी काय काय होते?

पूर्ण भूल देऊन श्वासनलिकेत फुगा असलेली नळी घालतात, म्हणजे यंत्राचे पाणी आणि जंतू फुप्फुसात जात नाहीत. सलाइन सुरू असते, शरीराचे तापमान राखले जाते, आणि हृदयाचे ठोके, रक्तदाब व प्राणवायूची पातळी यांवर लक्ष ठेवणारी वेगळी व्यक्ती असावी. मग प्रत्येक दाताभोवती खुणा असलेली बारीक सळई फिरवून खोली मोजतात. कुत्र्यात ३ मिलिमीटरपर्यंत आणि मांजरात १ मिलिमीटरपर्यंत खोली सामान्य मानली जाते. एक्स-रे घेऊन निर्णय झाला की त्या भागाच्या नसेजवळ बधिर करणारे इंजेक्शन देतात. त्यामुळे पूर्ण भूल हलकी ठेवता येते आणि शुद्धीवर आल्यावरही काही तास वेदना जाणवत नाही.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत कमी दिसणारे असते. हिरडी उलगडून मूळ उघडे केले जाते, त्यावरील टार्टर आणि पोकळीतील सुजलेला, सडका भाग कणाकणाने काढला जातो, आणि मूळ स्वच्छ व गुळगुळीत केले जाते. घाणेरड्या पोकळीत भरलेले साहित्य काही दिवसांत पुवाबरोबर बाहेर पडते. पोकळी स्वच्छ झाल्यावर भिंतींतून थोडे ताजे रक्त येऊ देतात, त्या रक्तात कालवलेले साहित्य हलक्या हाताने, हाडाच्या कडेइतकेच भरतात, गरजेनुसार पडदा घालतात आणि विरघळणाऱ्या बारीक धाग्याने हिरडी शिवतात. शेवटी पुन्हा एक्स-रे काढतात. त्याची प्रत मागून घ्यावी. बहुतेक प्राणी त्याच दिवशी घरी जातात.

घरी आल्यावर काय काळजी घ्यावी?

पहिले दोन आठवडे मऊ अन्न द्यावे: भिजवलेले किंवा डब्यातले खाद्य, मऊ शिजवलेला भात आणि बारीक केलेले चिकन. कडक बिस्किटे, चघळण्याच्या वस्तू, दोरीची ओढाओढ आणि चेंडू पूर्ण बंद ठेवावेत. तोंडावर पंजा मारत असेल तर गळ्यात शंकूची कॉलर घालावी. घरातल्या मुलांना समजावून सांगावे की प्रेमाने तोंडाशी खेळणेही सध्या नको. टाके घातलेल्या जागी ब्रश लावू नये. डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडिनचे औषध दिले असेल तर ते सांगितल्याप्रमाणे लावावे. दोन आठवड्यांनी जखम दाखवून, परवानगी मिळाल्यावर मऊ ब्रशने सुरुवात करावी. प्राण्यांसाठीचीच पेस्ट वापरावी, कारण माणसांची पेस्ट गिळण्यासाठी नसते आणि काहींत असलेले झायलिटॉल कुत्र्यांना विषारी असते.

वेदनाशामक औषध डॉक्टरांनी लिहून दिलेलेच द्यावे. घरातल्या डब्यातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

पहिल्या दिवशी लाळेत किंचित रक्त दिसणे आणि वाळूसारखे दोन-चार कण बाहेर येणे यात घाबरण्यासारखे काही नाही. पण थांबत नसलेला रक्तस्राव, चेहऱ्यावर वाढणारी सूज, टाके उसवून हिरडी उघडी पडणे, नाकातून पाणी किंवा अन्न येणे, नव्याने सुटलेली दुर्गंधी, किंवा पूर्ण दिवस काहीच न खाणे यांपैकी काहीही दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

हाड तयार झाले हे कधी आणि कसे कळते?

हिरडी दोन आठवड्यांत जुळते, पण हाडाचे काम कित्येक महिने चालू असते. साधारण सहा महिन्यांनी भूल देऊन पुन्हा खोली मोजतात आणि एक्स-रे काढतात. त्याआधी त्या जागी सळई घालणे टाळतात, कारण कोवळे तंतू तुटू शकतात. एक्स-रेवर पोकळी पांढरी दिसली म्हणजे यश, असे मात्र घाईने म्हणू नये. हायड्रॉक्सिअपेटाइट किंवा काचेचे कणही पांढरेच दिसतात. खोली कमी झाली आहे, दात घट्ट आहे, हिरडी दाबल्यावर रक्त येत नाही, आणि एक्स-रेवर कणांच्या जागी हाडाची जाळीदार रचना दिसू लागली आहे, हे सर्व एकत्र पाहून निर्णय करावा लागतो.

मांजरांमध्ये रोपण करतात का?

क्वचितच. मांजराचे दात आणि हाड इतके लहान असतात की साहित्य टिकेल अशी पोकळी फारशी मिळत नाही. शिवाय मांजरांत पुष्कळदा आढळणाऱ्या आजारात दाताचे मूळ शरीरच हळूहळू विरघळवून टाकते, आणि असा दात वाचवण्यात अर्थ नसतो. तोंडाच्या मागच्या भागापर्यंत लालभडक सूज येणाऱ्या दीर्घकालीन आजारातही दाढा, कधी सर्वच दात, काढण्याने आराम मिळतो. मांजराला रोपण सुचवले गेले तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत अवश्य घ्यावे.

हिरड्या स्वच्छ आहेत, तरी सगळे दात हलतात. असे का होते?

हे फार गंभीरपणे घ्यावे. केवळ मांसावर किंवा केवळ पोळी-भातावर वाढवलेल्या पिल्लांना कॅल्शियम पुरेसे मिळत नाही. रक्तातील पातळी राखण्यासाठी शरीर हाडांतून कॅल्शियम काढते आणि जबडा रबरासारखा मऊ होतो. वयस्क कुत्र्यांत दीर्घकालीन मूत्रपिंडाच्या आजारामुळेही जबड्याची अशीच अवस्था होते. येथे रोपण निरुपयोगी आहे. पिल्लाचा आहार सुधारला तर हाड पुन्हा घट्ट होऊ शकते. वयस्क कुत्र्यात मूत्रपिंडांची तपासणी आधी करावी.

खर्च किती येतो?

ठरावीक आकडा सांगणे योग्य होणार नाही. साहित्याच्या छोट्या कुपीची किंमत हा त्यातला एकच भाग असतो. भूल, रक्ततपासण्या, एक्स-रे, शस्त्रक्रियेचा वेळ आणि सहा महिन्यांनंतरची दुसरी भूल हे सर्व धरून अंदाज लेखी मागावा. पैसे मोजकेच असतील तर ते आधी एक्स-रे, पूर्ण सफाई आणि खराब दात काढणे यांवर खर्च करावेत. रोपणाचा क्रम त्यानंतरचा.

आम्ही रस्त्यावरून आणलेली कुत्री तोंडाला हात लावू देत नाही. तिच्या वरच्या सुळ्याला खोल पोकळी आहे. रोपण करावे का?

पोकळी रोपणाला अनुकूल असली तरी माझा सल्ला नकाराचा आहे. रोपण केलेला दात टिकतो तो रोजच्या ब्रशमुळे आणि वेळोवेळीच्या सफाईमुळे. ब्रश फिरणार नसेल तर त्याच मुळाशी आजार पुन्हा सुरू होईल, आणि दुसऱ्या वेळी सुळ्यामागचे पातळ हाडही उरलेले नसेल. तो सुळा आत्ताच, टाळू शाबूत असताना, काढून हिरडी नीट शिवून घ्यावी. जखम भरल्यावर, घाई न करता, बोटाला प्राण्यांच्या पेस्टची चव लावून तिला ओठाला स्पर्श करू देण्याची सवय लावावी. काही महिन्यांनी ती पुढचे दात घासू देऊ लागली, तर उरलेल्या दातांसाठी पुढच्या तपासणीत रोपणाचा विचार जरूर करता येईल.